जुनी सायकल आधी चालती करा, मग रंगवा

जुनी सायकल घरी नवी करायची म्हटलं की बहुतेकांचा हात आधी स्प्रेच्या डब्याकडे जातो. रंग कोणता, मॅट की चकचकीत, पट्टे कुठे, यावर भरपूर खल होतो आणि मग एका सुट्टीच्या दिवशी सायकल उलटी ठेवून चाकं काढायला सुरुवात होते. मला हा क्रम पटत नाही. रंग हे या कामातलं शेवटचं पाऊल आहे. फ्रेम रंगवून झाल्यावर सीटचा पाइप जाम असल्याचं कळलं, तर तो काढण्याच्या झटापटीत नव्या रंगाची वाट लागते. चिमटा (पुढचं चाक धरणारा दोन पायांचा भाग) वाकडा निघाला तर रंगवलेला चिमटा फेकून दुसरा आणावा लागतो आणि त्याचा रंग फ्रेमशी जुळवत बसावं लागतं.

म्हणून सायकल आधी चालती करायची, जुन्या रंगातच काही दिवस दामटून बघायची आणि मग पुन्हा पूर्ण खोलून रंगवायची. दोनदा खोलावं लागतं हे खरं. पण दुसऱ्या वेळी सगळे नट नुकतेच ग्रीस लावून बसवलेले असतात, त्यामुळे सायकल बघता बघता सुटी होते.

मेहनत घेण्याजोगी आहे का?

पहिली हत्यारं म्हणजे लोहचुंबक, टॉर्च आणि दोरा. चुंबक चिकटला तर फ्रेम स्टीलची, नाही चिकटला तर बहुधा अ‍ॅल्युमिनियमची. हा फरक शेवटपर्यंत कामाला येतो. स्टील थोडंफार वाकवून सरळ करता येतं, तडा गेला तर वेल्डिंग किंवा ब्रेझिंग होतं. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम वाकली किंवा तडकली तर घरच्या घरी करण्यासारखं काही उरत नाही. कार्बन फायबरची फ्रेम असेल तर रंग काढायची रसायनं आणि जोराची घासाघीस तिच्या जवळसुद्धा आणू नका.

टॉर्च घेऊन सांधे बघा. हँडलची नळी आणि खालचा तिरपा दांडा जिथे मिळतो तिथे खालच्या बाजूला, बॉटम ब्रॅकेटच्या (पायडलच्या दांड्यांचा आस फिरतो त्या नळीच्या) आजूबाजूला आणि मागचं चाक बसतं त्या खाचांपाशी. रंगात केसासारखी बारीक रेघ दिसली आणि त्या रेघेतून गंज पाझरलेला असेल तर संशय घ्या. तेवढ्या जागेचा रंग खरवडून खालचा धातू बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. समोरून आदळलेल्या सायकलीत हँडलच्या नळीमागे दांड्याला बारीकशी सुरकुती पडलेली असते. ती डोळ्यांपेक्षा बोटाला आधी कळते.

मग दोरा. मागच्या चाकाच्या एका खाचेला दोरा बांधा, तो पुढे नेऊन हँडलच्या नळीला वळसा घाला आणि दुसऱ्या बाजूने परत आणून दुसऱ्या खाचेला ताणून बांधा. आता सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्यापर्यंतचं अंतर मोजा. दोन्हीकडे सारखं आलं, किंवा १ मिलिमीटरचा फरक आला, तर मागचा भाग सरळ आहे. फरक ३ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर मागचा त्रिकोण एका बाजूला झुकला आहे. स्टील असेल तर अनुभवी मेकॅनिककडून तो आधी सरळ करून घ्या. चिमटा तपासायला पुढचं चाक काढा आणि बाजूने बघा. चिमट्याचे दोन्ही पाय एकमेकांच्या मागे बरोबर झाकले जायला हवेत.

मूळ रंगाबद्दलही इथेच ठरवा. जुन्या कंपनीची अक्षरं, सोनेरी रेघा, हँडलखालची पट्टी शाबूत असेल तर माझं मत स्पष्ट आहे: रंगवू नका. साबणाच्या पाण्याने धुवा, बारीक रबिंग कंपाउंड फिरवा, वर मेण चढवा. पोपडे उडाले असतील, गंज पसरला असेल किंवा आधीच कुणीतरी ब्रशने ऑइलपेंट फासला असेल, तर मात्र खुशाल नव्याने रंगवा.

खोलताना अडणाऱ्या जागा

सुरुवातीला सगळ्या बाजूंनी फोटो काढा. ब्रेकची तार कुठून जाते, वायसर कोणत्या क्रमाने आहेत, मडगार्डची काडी नटाच्या आत आहे की बाहेर, हे महिन्याभराने आठवत नाही. एका जागेचे सगळे वायसर आणि नट निघाले त्याच क्रमाने एका तारेत ओवून ठेवले की डब्यात शोधाशोध होत नाही. आदल्या दिवशी सगळ्या जोडांवर गंज सोडवणारं तेल टाकून ठेवा.

पायडल. उजव्या पायडलचे आटे सरळ असतात, डाव्याचे उलटे. चालवताना पायडल आपोआप सैल होऊ नये म्हणून ही योजना आहे. आठवायला सोपी खूण अशी: पाना पायडलच्या आसावर उभा, वरच्या दिशेने धरा. मागच्या चाकाकडे ओढला तर दोन्ही बाजूंचं पायडल सुटतं, पुढच्या चाकाकडे ओढला तर आवळतं.

क्रँक. जुन्या धाटणीच्या सायकलीला क्रँक (पायडलचा दांडा) कॉटर पिनने, म्हणजे पाचरीसारख्या आडव्या खिळीने, अडकवलेला असतो आणि इथेच सर्वात जास्त नुकसान होतं. नट पूर्ण काढू नका. पिनच्या टोकाशी सपाट येईल इतकाच सैल करा, म्हणजे आट्यांना मार बसणार नाही. क्रँकच्या खाली, पिनचं डोकं ज्या बाजूने बाहेर येणार तिथे, जाड लोखंडी नळीचा तुकडा जमिनीपासून टेकवा. पिन त्या नळीच्या पोकळीत उतरली पाहिजे. मग वजनदार हातोडीचा एकच सरळ, ठाम घाव. आधार न देता ठोकलं तर तो मार बेअरिंगच्या छऱ्यांमधून, ते फिरतात त्या वाटीवर जातो आणि वाटीत खड्डे पडतात. हलक्या हातोडीने वीसदा टकटक केलं की पिनचं टोक फुगतं आणि मग ती ड्रिलनेच काढावी लागते. निघालेली कॉटर पुन्हा वापरायची नाही, पण जाडी मोजायला ती सांभाळून ठेवा, कारण त्या ९.५ मिलिमीटरशिवाय इतर मापांतही येतात.

कॉटर नसलेल्या क्रँकला ओढून काढायचं वेगळं हत्यार लागतं. मधला बोल्ट आणि त्याखालचा वायसर दोन्ही काढले आहेत याची खात्री करा. हत्याराचे आटे हाताने पूर्ण आत बसवा, मगच पाना लावा. अर्धवट आट्यांवर जोर दिला की क्रँकचे अ‍ॅल्युमिनियमचे आटे उचकटून बाहेर येतात.

बॉटम ब्रॅकेट. बहुतेक सायकलींत उजव्या बाजूच्या वाटीचे आटे उलटे असतात, डाव्या बाजूचे सरळ. इटालियन मापाच्या फ्रेममध्ये दोन्ही बाजूंचे सरळ. उजवी वाटी साफ, गुळगुळीत असेल तर ती तशीच राहू द्या. रंगवताना टेपने झाकता येते आणि ती काढायच्या नादात फ्रेमचे आटे गमावण्याची जोखीम घेण्यात अर्थ नाही.

हँडल. वरचा लांब बोल्ट दोन-तीन फेरे सैल करा आणि त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडी मारा. आतली पाचर खाली सरकते आणि हँडल मोकळं होतं. बोल्ट आधीच पूर्ण काढलात तर पाचर नळीतच अडकून बसते.

सीटचा पाइप. स्टीलच्या फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पाइप वर्षानुवर्षं कोरडा बसलेला असेल तर दोन धातूंच्या संपर्काने तो अक्षरशः चिकटतो. फ्रेम उलटी करून बॉटम ब्रॅकेटच्या बाजूने नळीत तेल सोडा, दोन-चार दिवस जाऊ द्या. मग पाइपचं वरचं टोक व्हाइसमध्ये घट्ट धरा आणि फ्रेमच फिरवा. फ्रेमची लांबी तुमच्या बाजूने काम करते. वर ओढण्यापेक्षा आधी गोल फिरवून सोडवायचा.

छर्रे, चाकं, चेन

छर्रे काढताना प्रत्येक बाजूचे मोजा आणि लिहून ठेवा. साधारणपणे मागच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) १/४ इंचाचे, एका बाजूला ९, पुढच्या हबमध्ये ३/१६ इंचाचे, एका बाजूला १०, आणि बॉटम ब्रॅकेटमध्ये पिंजरा नसेल तर १/४ इंचाचे ११ असतात. पण आधीच्या कुणीतरी चुकीचे भरलेले असू शकतात. नियम असा की वाटी छऱ्यांनी भरल्यावर साधारण एका छऱ्याएवढी मोकळी जागा उरली पाहिजे. छर्रे सगळेच नवे घाला. जुन्यांत दोन-तीन नवे मिसळले की सगळा भार त्या नव्यांवर येतो.

वाटी आणि कोन (आसावरचा निमुळता नट, ज्यावर छर्रे टेकतात) रॉकेलने स्वच्छ करून कोरडे करा आणि छर्रे जिथून फिरतात त्या चकचकीत पट्ट्यावरून बॉलपेनचं टोक हलकेच फिरवा. डोळ्याला न दिसणारा खड्डाही टोकाला अडखळतो. कोन खडबडीत असेल तर बदला. वाटी खराब असेल तर हब बदलायचा विचार करा, कारण बहुतेक हबमधली वाटी निघत नाही.

जोडताना ग्रीस भरपूर. कोन हाताने टेकेपर्यंत फिरवा, मग किंचित मागे घ्या आणि पान्याने धरून चेकनट (कोनाला जागीच धरणारा बाहेरचा नट) आवळा. चाक रिमला धरून आडवं हलवून बघा. लटपट नको आणि आस बोटांनी फिरवताना खरखरही नको. चेकनट आवळला की सेटिंग थोडं बदलतं, त्यामुळे हे दोन-तीनदा करावं लागतं. इथे चिकाटी ठेवा, कारण घट्ट आवळलेला कोन नव्या छऱ्यांनाही लवकरच खाऊन टाकतो.

चाकाचा औट (डगमग) काढायला स्टँड नसेल तर सायकल उलटी ठेवून ब्रेकच्या रबराचा अंदाज घ्या किंवा चिमट्याला एक काडी बांधून तिचं टोक रिमजवळ आणा. आधी सगळ्या निपलांवर (आऱ्यांच्या टोकाच्या नटांवर) तेलाचा थेंब. रिम उजवीकडे झुकत असेल तर त्या जागेतले डावीकडून येणारे आरे पाव फेरा आवळा आणि उजवीकडून येणारे पाव फेरा सैल करा. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही. चाक फिरवा, बघा, पुन्हा पाव फेरा.

टायर घेताना बाजूला लिहिलेले इंच वाचून फसू नका. २६ इंच या नावाखाली एकमेकांना न बसणारी अनेक मापं आहेत. २६ × १ ३/८ या बारीक टायरच्या रिमचं माप बहुधा ५९० मिलिमीटर असतं, तर माउंटन बाइकच्या २६ इंची रिमचं ५५९. तसंच २८ × १ १/२ हे ६३५ मिलिमीटरच्या रिमचं टायर, ७००सी मात्र ६२२ चं. जुन्या टायरवर ३७-५९० अशा धर्तीचा आकडा सापडला तर तोच घेऊन जा. त्यातला दुसरा आकडा जुळला पाहिजे.

चेन मोजायला फूटपट्टी पुरते. एका पिनपासून मोजलेल्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरायला हव्यात. १/१६ इंच वाढली असेल तर नवी घ्यायची वेळ जवळ आली आहे, १/८ इंच वाढली असेल तर चेनने दातेही खाल्ले असणार. फ्रीव्हील (मागच्या चाकावरचं दातेरी चक्र) रॉकेलमध्ये फिरवून धुवा, निथळू द्या आणि आत पातळ तेल सोडा. ग्रीस नको, आतली खटकी चिकटते. ब्रेकचे रबर आणि तारा जुन्या असतील तर न विचारता बदला.

आता सगळं जोडा आणि चालवा. हात सोडायचं धाडस नको, पण मोकळ्या सरळ रस्त्यावर हँडल हलकेच धरून बघा. सायकल एका बाजूला ओढते का, उभं राहून पायडल मारताना कुठे कुरकुर येते का, ब्रेक दाबल्यावर चिमटा थडथडतो का. जे सापडेल ते आत्ताच दुरुस्त करा.

जुना रंग काढणं

पूर्ण नागडा धातू दरवेळी लागत नाही. जुना रंग धरून बसला असेल तर तोच सर्वात चांगला पाया. तपासायला ब्लेडने रंगावर चौकटीच्या उभ्या-आडव्या रेघा मारा, त्यावर चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. चौकोन उखडून आले तर पूर्ण काढावा लागेल. नाही आले तर २४० आणि मग ३२० नंबरच्या वॉटर पेपरने सगळी चमक जाईपर्यंत घासणं पुरेसं आहे. चमक राहिलेल्या जागी नवा रंग धरत नाही, म्हणून सांध्यांचे कोपरे बोटाने घासा.

फार जुन्या सायकलीच्या रंगात शिसं असू शकतं. त्यामुळे कोरडं घासून धूळ उडवू नका. ओलं घासा, मास्क आणि हातमोजे घाला, मुलांना लांब ठेवा आणि निघालेला गाळ कागदात गुंडाळून वेगळा टाका. रंग काढायचं रसायन वापरायचं असेल तर उघड्यावर, जाड रबरी हातमोजे आणि चष्मा घालून. ब्रशने जाड थर लावा, वर प्लास्टिकचा कागद गुंडाळा म्हणजे ते सुकत नाही. रंग फुगून सुटला की प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा आणि भरपूर पाण्याने धुवा. सांध्यांत अडकलेलं रसायन धुतलं गेलं नाही तर नवा रंग त्याच जागी फुगून येतो.

गंजासाठी तारेचा ब्रश, आणि न पोचणाऱ्या जागांसाठी ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं पाणी. १ लिटर कोमट पाण्यात साधारण २५ ग्रॅम पुरतं. ही पूड विषारी आहे. हातमोज्यांशिवाय हात लावू नका, पूड श्वासात जाऊ देऊ नका. स्टीलचे लहान भाग यात काही तास बुडवून ठेवता येतात. अ‍ॅल्युमिनियम आणि जस्ताचा मुलामा असलेले भाग यात घालू नका. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच कोरडे करा. क्रोमच्या रिमवर किंवा हँडलवर वरवरचा तांबेरा असेल तर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासा. अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत आणि गंज निघतो. क्रोमवर रंग मात्र देऊ नका. तो साल निघावी तसा निघतो.

उघडं स्टील काही तासांतच पुन्हा गंजायला लागतं. त्यामुळे शेवटची घासाई आणि प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) एकाच दिवशी. बारीक खड्डे असतील तर पहिल्या प्रायमरनंतर लांबी (पुट्टी) भरा, सुकल्यावर घासून सपाट करा. पोचा पडलेली नळी लांबीने सुबक दिसते पण मजबूत होत नाही, हे लक्षात असू द्या.

झाकायच्या जागा

बॉटम ब्रॅकेटचे आटे, हँडलच्या नळीची वरची-खालची कडा आणि आतली बाजू, सीटची नळी आतून, चिमट्याचे आटे, मडगार्ड आणि कॅरिअरची बोल्टची भोकं, चाकाचा आस टेकतो त्या खाचांचा पृष्ठभाग. शेवटची जागा बहुतेकजण विसरतात. खाचेत रंगाचा जाड थर राहिला की चाकाचा नट त्यावर आवळला जातो, रंग दबून झिजतो आणि नट सैल पडतो. आट्यांमध्ये जुने बोल्ट अर्धे फिरवून ठेवणं हा सर्वात सोपा उपाय. बॉटम ब्रॅकेटखाली कोरलेला फ्रेम नंबर जाड थरांनी बुजवू नका. मालकी सिद्ध करायला तोच उपयोगी पडतो.

प्रायमर, रंग, क्लिअर

हँडलच्या नळीतून मजबूत काठी किंवा तार घालून फ्रेम लटकवा, अशी की ती चारी बाजूंनी फिरवता येईल. जागा हवेशीर पण वारा नसलेली, जमीन पाण्याने ओली केलेली म्हणजे धूळ बसून राहते, आसपास ज्योत किंवा ठिणगी नाही. थंड किंवा दमट हवेत रंग देऊ नका. दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते आणि ती पुसून जात नाही. तोंडावर वाफ अडवणारा कार्ट्रिजचा मास्क हवा, साधा धुळीचा मास्क वाफेला अडवत नाही. हार्डनर मिसळायचे टू-के क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) घरात मारू नका, असं मी स्पष्टच सांगेन. त्यातल्या आयसोसायनेटमुळे दम्यासारखा आजार कायमचा जडू शकतो. टिकाऊ असतो म्हणून तोच हवा असेल तर ते काम स्प्रे बूथ असलेल्या माणसाला द्या. पावडर कोटिंगही घरचं काम नाही. त्यात फ्रेम साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला भाजावी लागते.

रंग आणि क्लिअर शक्यतो एकाच कंपनीचे, एकाच जातीचे घ्या. इनॅमलवर एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारला की खालचा थर आकसतो आणि सुरकुत्या पडतात. खात्री नसेल तर आधी मडगार्डच्या काडीवर सगळे थर देऊन बघा.

फ्रेम थिनरने किंवा स्पिरिटने पुसा आणि त्यानंतर उघडा हात लावू नका. डबा कोमट पाण्यात ठेवा (गरम नाही), आतली गोळी वाजायला लागल्यावर दोन मिनिटं हलवा. अंतर २० ते २५ सेंटिमीटर. नळीच्या बाहेर बोट दाबायला सुरुवात करा, नळीवरून एका गतीने न्या, बाहेर जाऊन सोडा. नळीवरच थांबून दाबलं की तिथे ओघळ.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी अवघड जागा: बॉटम ब्रॅकेटचे कोपरे, मागच्या त्रिकोणाची आतली बाजू, सीटखालचा सांधा, दांड्यांची खालची बाजू. लांब, दिसणारे दांडे सगळ्यात शेवटी. उलट केलं तर कोपरे भरताना उडालेला कोरडा फवारा नुकत्याच चमकणाऱ्या दांड्यांवर बसतो आणि ते खरखरीत होतात.

पहिला हात इतका पातळ की खालचा धातू दिसत राहावा. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. प्रायमर सुकला की ४०० च्या वॉटर पेपरने ओला घासा, पुसा आणि मग रंगाचे तीन-चार पातळ हात. पिवळा आणि लाल पारदर्शक असतात, त्यांच्याखाली पांढरा किंवा फिका राखाडी थर लागतो. मेटॅलिकचा शेवटचा हात थोडा लांबून, हलका मारा म्हणजे ढग पडत नाहीत. डब्यावर दोन हातांमधल्या वेळेची सूचना असते, ती पाळा. कित्येक इनॅमलना दुसरा हात एक तर तासाभरात हवा नाहीतर एक-दोन दिवसांनंतर. मधल्या वेळेत मारला की खालचा अर्धवट सुकलेला थर उचलला जातो.

ओघळ आला तर बोट लावू नका. पूर्ण सुकू द्या, ६०० ने घासा, त्या जागी पुन्हा हात द्या. पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसत असेल तर डबा लांब होता किंवा हवा फार गरम होती. क्लिअरखाली तो लपत नाही, आधीच घासून घ्या.

स्वतःची छाप

एक मूळ रंग, एक जोडरंग आणि हवी तर एक बारीक रेघ, इतक्यावर थांबलं तर सायकल वर्षानुवर्षं बघवते. रंग कुठे बदलायचा यासाठी फ्रेमनेच जागा करून दिलेल्या असतात. सांध्यांवर लग (नळ्या जोडणारे धातूचे खोळीसारखे तुकडे) असतील तर त्यांच्या कडेने रंग बदला, डोळ्याला ते स्वाभाविक वाटतं. लग नसतील तर हँडलची नळी वेगळ्या रंगात, किंवा चिमट्याचे आणि मागच्या त्रिकोणाचे शेवटचे काही इंच.

टेपखाली रंग झिरपतो ही नेहमीची तक्रार. त्यावर उपाय साधा आहे. टेप लावून कडा नखाने दाबा आणि तिच्यावर आधी मूळ रंगाचाच, किंवा क्लिअरचा, एक पातळ हात द्या. जे झिरपायचं ते मूळ रंगात झिरपून फट बंद होते आणि मग जोडरंगाची कडा धारदार येते. टेप साध्या मास्किंग टेपऐवजी बारीक रेघांची प्लास्टिकची घ्या, ती वळणावर नीट बसते. जोडरंग हाताला चिकटायचा थांबला पण अजून कडक झालेला नाही, अशा वेळी टेप स्वतःवर दुमडून, तिरपी, सावकाश ओढा.

लगच्या कडेची सोनेरी रेघ लांब केसांच्या बारीक ब्रशने आणि इनॅमलने काढता येते. हात थरथरतो म्हणून घाबरू नका. करंगळी फ्रेमवर टेकवा, ब्रश स्वतःकडे ओढा आणि सुटलेली रेघ स्पिरिटमध्ये भिजवलेल्या काडीने लगेच पुसा. खालचा रंग पूर्ण कडक झालेला असला तर तो निघत नाही. एका रंगातून दुसऱ्यात विरणारी छटा हवी असेल तर दोन्ही रंग ओले असतानाच, डबा लांब धरून, सांध्याच्या दिशेने फवारा. नाव किंवा चिन्ह हवं असेल तर व्हिनाइल कापून घ्या आणि ते क्लिअरच्या खाली जाऊ द्या. क्लिअरचे तीन-चार हात पुरतात. महिन्याभराने १५०० आणि २००० च्या पेपरने ओलं घासून पॉलिश केलं की खरी चमक येते.

जोडणी

हाताला सुकलेला रंग म्हणजे तयार रंग नव्हे. डब्यातल्या रंगाला कडक व्हायला आठवडे लागतात. न दिसणाऱ्या जागी नखाचा ठसा उमटतो तोपर्यंत पाना लावू नका. या काळात फ्रेमच्या नळ्यांत आतून पातळ गंजरोधक तेल सोडून सगळीकडे फिरवा आणि निथळू द्या. फ्रेम आतूनही गंजते आणि तिथे रंग पोचत नाही.

प्रत्येक आट्याला ग्रीस. सीटच्या पाइपलाही. नव्या कॉटर दोन्ही क्रँकला विरुद्ध दिशांनी बसतात. तसं न केल्यास दोन पायडल एका रेषेत येत नाहीत. दिशा बरोबर असूनही थोडा फरक राहिला तर एका कॉटरची सपाट बाजू कानसेने घासून जुळवा. पाना फ्रेमला घासू शकतो तिथे आधीच टेप लावून घ्या. ब्रेकच्या तारा हँडलच्या नळीला घासतात त्या जागी आणि चेन आपटते त्या मागच्या दांडीवर पारदर्शक जाड फिल्म चिकटवा.

पहिल्या काही फेऱ्यांनंतर कॉटरचा नट आणि क्रँकचे बोल्ट पुन्हा आवळा, कारण ते बसताना थोडे सैल होतातच. आऱ्यांचा ताणही एकदा बघा. ब्रेकच्या नव्या तारा ताणल्या जातात, त्या नेहमीच्या स्क्रूने आवळून घ्या. उरलेला रंग डब्यातून एका छोट्या काचेच्या बाटलीत फवारून बारीक ब्रशसोबत ठेवा. पहिला टवका उडेल तो बहुधा चेनच्या बाजूला, आणि तो त्याच दिवशी झाकला तर खाली गंज धरत नाही.